मुठीतला हायड्रोजन

रेणूच्या मॉडेलमधला पांढरा गोळा मुठीत दाबून धरायचा, उरलेला रेणू समोरच्याच्या नाकापाशी आणायचा आणि म्हणायचं, "मुठीतला विसरा, मॅडम. तिघांकडं बघा." आमच्या कल्याणच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांची ही रीत. मामा दहावी नापास. मी एमएस्सी, नुकतीच शिकवायला लागलेली.

मामांची खाडीकाठची शेती जाऊन तिथे टॉवर उभे राहिले होते. त्यांचे भाऊ त्या पैशांवर मोठ्या गाड्यांतून फिरायचे आणि हे स्कूटरवरून येऊन टेस्ट ट्यूब धुवायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "घरी बसून काय करू? बातम्या बघू?"

वर्गात मॉडेल्स नेता-आणता त्यांना एक धडा पाठ झाला होता. एका कार्बनला चार वेगवेगळे गट जोडले की त्यांची मांडणी दोन तऱ्हांनी होते, डाव्या-उजव्या हातांसारखी. कुठली ते ओळखायला कार्बनला थेट चिकटलेला अणू किती जड त्यावरून चौघांचे नंबर लावायचे, शेवटच्याला मागे, आपल्यापासून लांब ठेवायचं आणि एक-दोन-तीन कसे फिरतात ते बघायचं. घड्याळासारखे फिरले तर आर, उलटे फिरले तर एस. शेवटचा बहुतेक वेळा हायड्रोजन, म्हणजे तो पांढरा गोळा. नंबर लावताना मुलं अख्ख्या गटाचं वजन करत बसायची. मामा ओरडायचे, "घरात माणसं किती ते नको मोजू रे! दारात कोण उभा हाय ते बघ!" माझ्या तासापेक्षा ते वाक्यच मुलांच्या लक्षात राहायचं. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू.

पहिल्याच वर्षी परीक्षेचा पेपर घेऊन एक मुलगी प्रयोगशाळेत आली. तिने एस लिहिलं होतं, माझं उत्तर आर. एका मार्कावरून ती नापास होत होती.

"चुकलंय तुझं," मी म्हणाले. ती मान खाली घालून गेली.

मामांनी तोच रेणू जोडला आणि प्रश्नपत्रिकेतल्यासारखा माझ्यापुढे धरला. पांढरा गोळा माझ्याच बाजूला होता.

"जरा पलीकडून येऊन बघा, मॅडम."

मी टेबलाला वळसा घातला. तेच तीन गोळे पलीकडून उलटे फिरत होते. हायड्रोजन मागे आहे असं धरूनच मी उत्तर काढलं होतं. माझे कान तापले.

"पण आता मार्क लावून झालेत, मामा."

"ऑफिसात गेले का?"

"नाही अजून."

"मंग जावा की. पोरगी जिन्यातच असंल."

ती खरंच जिन्यात रडत बसली होती. मी तिची माफी मागितली, सगळे पेपर पुन्हा तपासले. ती पास झाली.

दोन दिवसांनी विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आपली चूक आपण पकडायला धैर्य लागतं, म्हणाले. मामांनीच त्यांना तसं सांगितलं होतं. मी गप्प बसले. पुढे मामांच्या निरोपसमारंभातही मी त्यांच्या वक्तशीरपणावर दोन मिनिटं बोलून खाली बसले. त्याची लाज अजून वाटते.

गेल्या वर्षी मामा वारले. आता हा धडा आला की मी आधी माझी ती चूक फळ्यावर काढते आणि ती कुणी पकडली ते सांगते. मॉडेल्सचा नवा संच आलाय, पण मी जुनाच नेते. त्यातले लाल, निळे, हिरवे गोळे अजून चकचकीत आहेत. पांढरे तेवढे मामांच्या मुठीत राहून राहून मळलेत. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे धुऊन आणू का?"

मी नको म्हणते.