इंदूकाकींचं खळं आणि सरांची गाडी

"मॅडम, रिपोर्टच्या कव्हरवर काकींचाच फोटो टाकू," पुण्याहून आमचे प्रकल्पप्रमुख सर फोनवर म्हणाले. "काय स्कोअर आहे हो! इतकी वर्षं हे काम करतोय, पण सामाजिक आधारात पैकीच्या पैकी मिळवणारी बाई पहिल्यांदाच बघतोय."

मी तेव्हा मालवणच्या एसटी स्टँडवर उभी होते. हातात टॅब, तोंडात खाजं. गुळात घोळलेलं मालवणी खाजं तोंडात असताना माणसाला वाद घालता येत नाही. सरांनी ते माझं मौन म्हणजे होकार समजून फोन ठेवला.

ज्या काकींबद्दल ते बोलत होते त्यांच्याकडूनच मी येत होते. आणि माझ्या मते तोंडवली गावात त्यांच्याइतकी एकटी बाई दुसरी नव्हती.

आता हा घोळ कसा झाला ते सांगते. मी फील्ड सुपरवायझर आहे. म्हणजे पुण्यात बसून लोक प्रश्न लिहितात आणि उन्हातून जाऊन ते मी विचारते. यंदाचं काम होतं एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं. त्यांचं घर कसं आहे, त्यांना माणसांचा आधार किती, आणि त्यांना एकूण बरं वाटतं का. प्रत्येक गोष्टीला गुण. आणि हे गुण नुसते कागदावर राहणार नव्हते. ज्या गावातले वृद्ध फार एकटे निघतील, त्या गावाला प्रकल्पातून एक खोली मिळणार होती. दुपारी जमायला, बसायला, चहा प्यायला. तोंडवलीतून आम्ही नऊ जण निवडले होते. आठ जणांचे गुण बेताचे. नववीनं सरासरी अशी काही वर खेचली की गावच एकटं राहिलं नाही. खोली गेली.

नववी म्हणजे इंदूकाकी. वय पंचाहत्तरच्या पुढे, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. घर समुद्राला लागून. पुतण्या संदेश मुंबईची नोकरी सोडून आला आणि त्यानं काकींच्या घराला चार खोल्या जोडून होमस्टे काढला. मुलगा वाईट नाही हो. काकींना डॉक्टरकडे नेतो, वेळेवर जेवायला वाढतो. त्याची एकच सवय आहे. काकींना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देतो.

"काकी, घरात किती खोल्या?"

"सहा. त्यातल्या चार एसी," संदेश म्हणाला.

"शौचालयं?"

"पाच. सगळी वेस्टर्न, मॅडम."

टॅबनं लाल अक्षरांत विचारलं, 'खात्री आहे का?' बिचाऱ्या टॅबनं एकट्या विधवेच्या घरात पाच कमोड कधी पाहिले नव्हते.

"अडचणीला धावून येईल असं कोण आहे, काकी?"

"मी आहे ना."

"संदेश, काकींना बोलू दे."

"बोल गो काकी. मी आसंय मा?"

"आसंस," काकी म्हणाल्या. आता समोर उभ्या असलेल्या माणसाला त्या आणखी काय सांगणार?

मग आला तो प्रश्न. 'गेल्या आठवड्यात तुमच्या घरी किती माणसं आली?' लिहिणाऱ्याच्या मनात शेजारी, नातेवाईक, मैत्रिणी होत्या. संदेशनं होमस्टेचं रजिस्टर उघडलं. "सोलापूरची फॅमिली, कोल्हापूरचा ग्रुप, ते सांगलीचे डॉक्टर… एकोणचाळीस."

मी काकींकडे पाहिलं.

"येतत," काकी म्हणाल्या. "रोज येतत. सगळी येतत."

त्या बोलत होत्या माझ्याशी, पण बघत होत्या बाहेर. अंगणाला आमच्याकडे खळं म्हणतात. पावसाळा सरला की ते चोपून, सारवून तयार करायचं आणि मग वर्षभर सगळं तिथंच: भात, आमसुलं, भांडणं, गप्पा. काकींच्या खळ्यात आता पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि एक पांढरी गाडी मागे येत होती. कोणीतरी ओरडत होतं, "आने दे, आने दे, और आने दे."

उत्तर मिळालं ते मी भरलं. आमच्या धंद्यात तसंच करावं लागतं. माहिती गोळा करणाऱ्यानं स्वतःचं मत घालायचं नसतं. नाहीतर मी कादंबऱ्याच लिहिल्या असत्या.

पण खाजं गिळून झाल्यावर मी सरांना उलट फोन केला. "सर, ती उत्तरं काकींची नाहीत. पुतण्याची आहेत." याला आम्ही प्रॉक्सी म्हणतो. एकाची मुलाखत, दुसऱ्याचं तोंड.

"पण सही आहे ना काकींची?"

"आहे."

"आणि साक्षीदार?"

"तोच पुतण्या!"

"मग सगळं नियमात आहे," सर समाधानानं म्हणाले.

दोन दिवसांनी मी परत गेले. संदेशनं मला खुर्ची दिली, काकींना खुर्ची दिली, आणि मधे तिसरी खुर्ची टाकून स्वतः बसला. मी सोलकढी पिऊन परत आले.

तिसऱ्यांदा मी डोकं चालवलं. होमस्टेवाल्या पुरुषाला एका गोष्टीची धास्ती असते. गिऱ्हाइकासमोर शर्टाला मासळीचा वास नको. मी सकाळी बाजारातून पाटीभर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, घेतल्या, ओल्या, वाळूसकट, आणि मागच्या दारानं आत गेले. "काकी, ह्यो फोडूक शिकव गे माका."

काकींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढ्या वयात? आयशीन काय शिकवल्यान तुका?"

संदेश पाच मिनिटं थांबला, दोनदा नाक पुसलं, आणि 'चेक-आऊट आहे' म्हणून गेला.

विळीवर शिंपली टेकवायची, हलक्या हातानं दोन फाका करायच्या, आणि मांस एकाच फाकेत ठेवायचं. लिहायला सोपं आहे. माझ्या चौथ्या तिसरीबरोबर माझं बोटही उघडलं.

"सोड, सोड," काकी हसून म्हणाल्या. "तुजा रगत सारात नको. तू तुजे प्रश्न इचार."

म्हणजे सगळं कळलं होतं तर.

या धंद्यात एक युक्ती आहे. माणसाला 'कसं आहे' विचारलं की तो 'बरं' म्हणतो. 'काल काय केलं' विचारलं की खरं सांगतो. मी विचारलं, "काकी, काल तू खंय निजलंस?"

काकींनी विळीवरून न उठता बोटानं मागचा मांगर दाखवला. मांगर म्हणजे लाकूडफाटा, गवत ठेवायची खोप. दारात चटई गुंडाळून उभी होती.

"संदेशान सांगल्यान थय निजाक?"

"तो कित्याक सांगात? सीझनाक पावणे जास्त. मीच म्हटलंय, माजी खोली दी. थंड लागता हय. निजाचा माका कायच नाय." त्यांनी दोन तिसऱ्या फोडल्या. "बसाचा आसा."

"म्हणजे?"

"पडवेत पावणे. खळ्यात गाडये. शेजारची आनंदी येय, सुमन येय, दुपारची कोकमा फोडूक बसत. आता येवन खंय बसतली? दोनदा इली, गाडयेक टेकान उभी रवली. मगे गाडयेचो मालक धावत इलो, 'मावशी, स्क्रॅच पडेल.'" स्क्रॅच हा शब्द त्यांनी इतका स्वच्छ उच्चारला की तो पुष्कळदा मनात घोळवलेला असावा. "तेच्यानंतर नाय इली."

"संदेशाक सांगलंस?"

"पोरग्याचा पोट आसा तेच्यार. माका एसी नको, काय नको. माका खळा होया. पण लिवू नको हा तू."

मी लिहिलं. त्यांना विचारून, समजावून, गावात कोणापुढे बोलणार नाही असा शब्द देऊन लिहिलं. मग त्यांना दहा पायऱ्यांच्या शिडीचा प्रश्न विचारला. सगळ्यांत वरची पायरी म्हणजे आयुष्य अगदी मनासारखं. तुम्ही कितव्या पायरीवर? पहिल्या मुलाखतीत संदेशनं दहा सांगितले होते.

"तिसरे," काकी म्हणाल्या. "वर चढूक गुडघे खंय आसत?"

टॅब एका माणसाचा दुसरा फॉर्म उघडेना, म्हणून नवा फॉर्म मी कागदावर भरून पुण्याला पाठवला. सरांचा फोन आला. "मॅडम, हा फॉर्म घेता येणार नाही. साक्षीदार नाही, आणि कागदावर कसले तरी डाग आहेत."

"तिसऱ्यांचे आहेत, सर."

"तिसऱ्या व्यक्तीचे?"

"शिंपल्यांचे! सर, बाई मांगरात झोपते. तिच्याकडे शेजारीण फिरकत नाही. तुम्ही तिला कव्हरवर काय टाकताय?"

"पण एकोणचाळीस माणसं येतात म्हणून रजिस्टरला नोंद आहे. रेकॉर्ड आहे. आणि पहिला वैध फॉर्म हाच अंतिम, हे तुमच्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलंय."

खरं होतं ते. मीच शिकवलं होतं. संतापानं मी त्या दिवशी उरलेलं खाजं एकटीनं संपवलं.

पण आमच्या नियमांत आणखी एक कलम आहे, जे कोणी वाचत नाही. रिपोर्ट छापण्याआधी निष्कर्ष गावाला वाचून दाखवायचे आणि गावाचं म्हणणं ऐकायचं. त्यासाठी सर स्वतः येणार होते. सभा कुठे घ्यायची हे सुपरवायझरनं ठरवायचं. मी कळवलं, शाळेची खोली मिळत नाही, तेव्हा सभा इंदूकाकींच्या खळ्यात. शाळेला मी विचारलंच नव्हतं. सरांची राहायची सोयही मीच केली. अर्थातच संदेशकडे, एसी खोलीत.

सर आदल्या दिवशी आले. सुरमई खाल्ली, सोलकढी प्याले, समुद्र बघितला. सभा दुपारी तीनला. सव्वातीन झाले तरी सर पडवीत प्रोजेक्टर लावून एकटेच.

"मॅडम, गावाला इंटरेस्ट दिसत नाही. एकही माणूस आला नाही."

"आलीत, सर. बाहेर या."

गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. बगलेत चटया. आमच्या आठ वृद्धांपैकी सहाजण माडाच्या सावलीत. सर्वांपुढे आनंदीवहिनी, काकींची शेजारीण, आवाज खळ्यापासून खाडीपर्यंत जाणारा.

"या ना, आत या!" सर म्हणाले.

"येतंव, पण बसतलंव खंय?" आनंदीवहिनी म्हणाली. "बोनेटार?"

खळ्यात दोन गाड्या होत्या. एक संदेशची. दुसरी, बरोबर मधोमध, सरांची.

सगळ्या बायका हसल्या. सरही हसले, मग हळूहळू थांबले.

मी संधी सोडली नाही. "सर, या आठवड्याच्या रजिस्टरला तुमचं नाव आहे. म्हणजे काकींकडे आलेल्या माणसांत तुम्हीही एक. काकींशी काय बोललात?"

सरांनी आठवून पाहिलं. माणूस प्रामाणिक, हे मान्य करायला हवं. "सोलकढी आणखी आहे का, असं विचारलं."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"फोटोवरून ओळखलंच नाही… त्या स्वयंपाकीण आहेत असं मला वाटलं, मॅडम."

काकी दारात उभ्या होत्या, पदर दातात. मी त्यांचं म्हणणं सभेत सांगणार नव्हते. तसा शब्दच दिला होता. सांगायची गरज पडली नाही. आनंदीवहिनीनं संदेशला हाक मारली.

"काय रे संदेश, दोन वर्सां झाली. तुजे काकीकडे आमी कित्याक येणव नाय, ह्या कधी इचारलंस?"

"माका वाटला, तुमका वेळ नसतलो," संदेश म्हणाला. त्याचा चेहरा पडला. त्याला खरंच तसं वाटलं होतं. "काकी, तू माका बोलाक नाय कधी?"

"तू इचारलंस खंय?" काकी म्हणाल्या. "तू सांगीत होतंस."

संदेशनं आधी स्वतःची गाडी काढली, माडांकडच्या रिकाम्या जागेत लावली. मग सरांची चावी मागायला आला. सरांना चावी सापडेना. ती मिळेपर्यंत बायकांनी गाडीच्या चारी बाजूंनी चटया अंथरल्या होत्या, आणि गाडी काढायला सगळ्यांना पुन्हा उठावं लागलं. माझे निष्कर्ष त्या दिवशी कोणी ऐकले नाहीत. प्रोजेक्टरवर कोणीतरी आमसुलांनी भरलेली सुपली टेकवून ठेवली.

आता निकाल. खोली मंजूर झाली नाही. आकडे बदलायची मुदत संपली होती. सरांनी जमेल तेवढं केलं: काकींचा फोटो कव्हरवरून काढला आणि रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप टाकली की एका घरी आलेल्या पाहुण्यांत प्रकल्पप्रमुखांचाही समावेश आहे. असली टीप मी दुसऱ्या कुठल्याही रिपोर्टात वाचलेली नाही.

दुपारी तीन ते पाच मात्र खळ्यात गाडी येत नाही. बाकीचे आठही जण तिथंच येऊन बसतात. संदेशनं त्या वेळेला पाटी लावली आहे: 'येथे अस्सल कोकणी दुपार अनुभवा.' मी कपाळावर हात मारला. काकी पाहुण्यांना बसू देतात, पण त्यांच्या हाती कोकमं फोडायला देऊन.

सहा महिन्यांनी मी तेच प्रश्न घेऊन पुन्हा गेले. याला एंडलाइन म्हणतात; आधी आणि नंतर यांत काय फरक पडला ते बघायचं. या वेळी काकी चाळीस मिनिटं बोलल्या. गुडघे दुखतात. आनंदीचा आवाज कानाला त्रास देतो. संदेश सोलकढी पातळ करतो. खळं रोज दोनदा झाडावं लागतं, कोण झाडणार?

"गेल्या आठवड्यात किती माणसं आली, काकी?"

"मोजूक वेळ खंय आसा?"

शिडीवर त्यांनी स्वतःला सहाव्या पायरीवर बसवलं. गुडघ्यांसकट.

पुण्याच्या ऑफिसात पहिल्या फॉर्मचे दहा होते, आता सहा. त्यांनी काकींच्या नावापुढे शेरा मारला: 'प्रकल्पानंतर समाधानात लक्षणीय घट.'

मी त्यावर वाद घातला नाही. एवढंच शिकले, की एकट्या माणसाला विचाराल तेव्हा तो 'बरं आहे' असंच म्हणतो. तक्रार करायला समोर कोणीतरी बसलेलं लागतं, आणि त्याला बसायला जागा लागते.