पेटी थांबल्यानंतरची तोडी

पेटीमास्तरांनी मला फसवलं. माझी कॅसेट त्यांनी पेनड्राइव्हवर उतरवायला नेली, शेवटची दहा-बारा मिनिटं कापली, उरलेलं गाणं मला दिलं आणि पुढचं रीळ मशीनमध्ये गुंतून फाटलं असं तोंडावर सांगितलं. मी जुन्या गाड्या घेतो आणि विकतो. सुर्ल्याच्या खाणी बंद पडल्या तेव्हा दारोदार गंजत पडलेले टिपर ट्रक उचलून मी धंदा उभा केला. मला बनवायला आलेली माणसं हात हलवत परत गेली आहेत. अशा मला एका पेटीवाल्याने बनवावं, हे अजून पचत नाही.

गाण्याचा आणि माझा संबंध कानामुळे आला. गाडी घेताना मी बॉनेट उघडतो, डोळे मिटतो आणि इंजिनाशेजारी उभा राहतो. विकणारा काय बोलतो ते ऐकायचं नसतं, इंजिन काय बोलतं ते ऐकायचं. सर्वणला एका निवृत्त शिक्षिकेच्या दारात मी असाच डोळे मिटून उभा होतो. त्यांच्या यजमानांची गाडी विकायची होती. आत कुठलंसं गाणं लावलेलं होतं. मी इंजिन बंद करायला सांगितलं आणि म्हटलं, बाई, गाडी ठीक आहे, पण तुमच्या त्या गाण्यात मागे जे वाजतंय, त्यातली एक तार हळूहळू खाली उतरते आहे. तंबोऱ्याची ती तार खरोखरच उतरत होती, आणि इतक्या वर्षांत ते त्यांच्याशिवाय कोणाला ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मला रविवारी सकाळी यायला सांगितलं. गाडीचा भाव मात्र एका रुपयाने कमी केला नाही.

तेव्हापासून मी रविवारी जातो. आम्ही चौघं. बाई, मी, डिचोलीच्या एका दवाखान्यातले कंपाउंडर आणि मुलांना पेटी शिकवणारे हे मास्तर. गेल्यावर एकच प्रश्न विचारला जातो, ‘सध्या काय लावलंय?’ ज्याने आठवडाभर जे ऐकलं असेल ते त्याने लावायचं. लावण्याआधी एक वाक्य बोलायची मुभा, नंतर नाही. गाणं संपल्यावर बाई उठून चहा आणि उंडे पाव आणतात, आणि चहा येईपर्यंत कोणीही तोंड उघडायचं नाही. पहिल्या दिवशी मला हा वेडेपणा वाटला. मोलभाव करणाऱ्या माणसाला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. पण त्या गप्प मिनिटांतच मला काय काय दिसलं ते सांगता येत नाही. कंपाउंडर सगळा श्रावण ललत हा एकच राग आणत होते. चौथ्या रविवारी त्यातले दोन मध्यम, शुद्ध आणि तीव्र, मला एकमेकांना खेटून उभे असलेले दिसले, जसे एका घरातले दोन भाऊ, एक उन्हात आणि एक सावलीत. चहा आला तरी मी बोललो नाही. कंपाउंडर म्हणाले, “काय शेटानू, आज टिपर चढणीवर बंद पडलो?”

मास्तर बहुतेक सतार आणत, कधी सरोद. ज्या गाण्यात पेटी आहे ते त्यांनी कधी लावलं नाही. कंपाउंडर त्यांना म्हणायचे, तुम्ही शाकाहारी खाटीक आहात. मास्तर हसून सोडून द्यायचे.

मग चोपडे गावातून एक जीप विकायला आली. मालक वारले होते आणि पुतण्या विकत होता. टेपमध्ये एक कॅसेट अडकून राहिली होती, ती मी सौद्यात धरली. पुतण्या म्हणाला, काकांनी खूप वर्षांपूर्वी एका सकाळी घरी गाणं ठेवलं होतं, गाणारी म्हातारी नदीपलीकडून आली होती, ती काकांच्याही आधी गेली. तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. कॅसेटवर पेनने फक्त रागाचं नाव, ‘तोडी’, लिहिलेलं होतं.

जीप घेऊन मी धारगळमार्गे निघालो आणि कॅसेट लावली. म्हातारीचा आवाज जाडसर, थोडा फाटका. ती घाईत नव्हती. एकेका स्वराशी ती अशी यायची की तिथे पोचण्याआधीच मला तिथला वारा लागायचा. मागे तबला, बाजूला पेटी. दुसरी बाजू निम्मी झाली आणि म्हातारी मध्येच थांबली. म्हणाली, “बाबा, पेटी रावय. हो गंधार तुज्या पेटयेंत ना.” पेटी थांबव, हा गंधार तुझ्या पेटीत नाही, असं. रागाने नव्हे, अगदी सहज.

पेटी थांबली. तबलाही थांबला. नुसता तंबोरा राहिला, आणि त्यावर तिने तो गंधार लावला.

मी काजूच्या झाडांच्या उतारावर जीप बाजूला घेतली. गाणं ऐकायला म्हणून नीट चालणारं इंजिन आयुष्यात पहिल्यांदा बंद केलं. तो स्वर मला माहीत असलेल्या कोमल गंधाराच्याही खाली होता. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये जी फट असते, तिच्या आत कुठेतरी. ती त्या फटीत उतरली आणि आत खोली निघाली, खोलीत दुसरी खोली. दहा-बारा मिनिटं ती तिथेच होती. मी घाटातून ब्रेक गेलेला ट्रक उतरवला आहे, तेव्हाही माझे हात असे थंड पडले नव्हते. मला वाटलं, हे एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यातून येत असेल तर आपण आजवर माणसांची किंमत फारच कमी लावली.

इथे मी चूक केली. धंद्यात माल दाखवण्याआधी त्याची तारीफ करायची नाही, असा माझा नियम आहे. म्हणून शेवटी काय आहे ते मी कोणालाच सांगितलं नाही. रविवारी सगळ्यांना एकदम ऐकवायचं ठरवलं आणि कॅसेट उतरवायला मास्तरांकडे दिली, कारण चालू मशीन त्यांच्याकडेच होतं.

रविवारी लावलं. बाईंचे डोळे भरले. कंपाउंडर जनेलातून बाहेर बघत होते. आणि जिथे म्हातारी थांबते, तिथे, तिचं ते वाक्य येण्याआधीच, सगळं थांबलं. चहा आल्यावर मास्तर म्हणाले, पुढे रीळ गुंतलं, फाटलं, फेकून दिलं. मी भडकलो, पण मलाच शंका आली. एकदाच ऐकलं होतं, तेही गाडीत.

पुढच्या महिन्यात आमच्या वाड्यावरच्या देवळात गुरुवारचं भजन होतं आणि पेटीवर मास्तर होते. प्रत्येक ओळ संपली की ते करंगळीने वरच्या षड्जाला उगाच स्पर्श करतात, जसा एखादा ड्रायव्हर गरज नसताना क्लचवर पाय ठेवतो. मी टाळ खाली ठेवला. चोपड्याच्या कॅसेटमधली पेटी नेमकी अशीच वाजत होती.

रविवारी मी सगळ्यांसमोर म्हटलं, “मास्तर, त्या पेटीवर तुम्हीच होता.”

त्यांनी नाकारलं नाही. तेव्हा त्यांची पहिलीच मोठी साथ होती. घरभर माणसं बसलेली, आणि हा गंधार तुझ्या पेटीत नाही म्हणून म्हातारीने मध्येच पेटी बंद करायला लावली. सगळे हसले, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर त्यांनी कोणा गाणाऱ्याची साथ केली नाही, फक्त भजनं वाजवली.

बाई म्हणाल्या, “मास्तर, तिने तुम्हाला थांबवलं नाही. पेटीला थांबवलं. तो गंधार कुठल्याच पेटीत नसतो.”

“हे मी मुलांना शिकवत आलो आहे,” मास्तर म्हणाले. “पण हसणं कानातून जात नाही.”

त्यावर मी जे सांगितलं ते खरं आहे, आणि मी शपथेवर सांगेन. त्या कॅसेटमध्ये कोणी हसलेलं नाही. म्हातारीचं वाक्य संपतं, मग तंबोरा, मग तो गंधार. गंधार लागल्यावर कोणीतरी श्वास आत ओढतो, मोठ्याने, जसा माणूस थंड पाण्यात उतरताना ओढतो. तो आवाज मायक्रोफोनच्या अगदी जवळचा आहे, आणि पेटी ज्या बाजूने ऐकू येत होती त्याच बाजूचा. मी कानावर पोट भरणारा माणूस आहे. तिथे दुसरं कोणी बसलेलं नव्हतं.

बाईंनी एवढंच विचारलं की रीळ खरंच फेकलं का. मास्तरांनी चपला घातल्या आणि ते गेले. तीन रविवार ते आलेले नाहीत. मी त्यांच्या घरी दोनदा गेलो, दोन्ही वेळा ते आंघोळीला गेले होते असं कळलं.

म्हणून आता लिहून विचारतो. मास्तर, ती म्हातारी गेली, ज्याने तिला घरी बसवलं तो गेला, तिचं नाव सांगणारं तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तो गंधार फक्त त्या रिळात होता. ते रीळ ऐकलेली माणसं, माझ्या माहितीत, आज आपण दोघंच, आणि आपल्यापैकी एकालाही तो गाता येत नाही. तुमच्या अपमानाचा हिशेब तुम्ही तिच्या गळ्यातून का वसूल केलात? बाईंनी आणि कंपाउंडरांनी तुमचं काय वाईट केलं होतं, की त्यांनी तो ऐकायचा नाही? रीळ तुमच्याकडे आहे की नाही? असेल तर घेऊन या आणि तुमच्या हाताने लावा. नसेल तर तेही येऊन सांगा, सर्वणला, रविवारी सकाळी, आम्हा तिघांच्या तोंडावर. मला उत्तर पाहिजे.