चौतीस नंबरची हजेरी

आमच्या बॅचमध्ये आम्ही सहा जण, एकतीस ते छत्तीस. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तीन वर्षं एकाच टेबलाशी उभे राहिलो म्हणून मैत्री झाली, एकमेकांना निवडून वगैरे काही नाही. मी पस्तीस. माझ्या शेजारी चौतीस. ती रोडपालीहून यायची आणि सकाळचं पहिलं लेक्चर तिला मिळालं तर चुकूनच. रिक्षा कळंबोलीला अडकली की मेसेज यायचा, ‘माझी मार गं.’ मी मारायचे. आधी तिच्या बारीक, नाकातल्या आवाजात ‘येस सर’, मग माझ्या घोगऱ्या आवाजात ‘येस सर’. सर मस्टरमधून डोकं वर काढायचेच नाहीत. या कलेचा मला भलता अभिमान होता.

शेवटच्या वर्षी भाद्रपदात पनवेलच्या मागच्या डोंगरावर जायचं ठरलं. सकाळी निघून संध्याकाळी परत. मला उंचीची भीती वाटते. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी वाळवण घालायलाही कठड्यापाशी जात नाही. पण ‘नाही’ म्हटलं असतं तर वर्षभर माझी टिंगल झाली असती, म्हणून गेले.

एकतीस नंबर कामोठ्याचा. तोच आमचा पुढारी. त्याच्या आईने त्याला बजावलं होतं, नेशील तेवढी पोरं मोजून परत आण. त्यामुळे तो दर वळणावर थांबून ‘एकतीस!’ असं ओरडायचा आणि मागून एकेक नंबर यायचा. कोणी पुढेमागे असो, मोजणी हजेरीच्या क्रमानेच. आम्ही हसत होतो, पण मला आतून बरं वाटत होतं. निदान कोणीतरी मोजतंय.

अर्ध्यावर वाट अरुंद झाली. डावीकडे ओला कातळ आणि उजवीकडे कारवीची दाट झुडपं. झुडपांपलीकडे काय होतं ते मी बघत नव्हते, कारण काहीच नव्हतं. तेवढ्यात धुकं आलं. दहा पावलांपलीकडचं माणूस दिसेना.

सगळ्यात मागे आम्ही दोघी होतो. तिने माझी बाही ओढली आणि कानात म्हणाली, ‘मला जायचंय गं. आता नाही थांबवत.’ पुढे चारही मुलगे. तिने सॅक आणि फोन माझ्या हातात कोंबला. ‘मोजायला लागले तर माझी मार. कळलं तर हे मला आयुष्यभर सोडणार नाहीत.’ आणि ती कारवीत शिरली.

मी तिथे थांबायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट. पण छत्तीस नंबरचा लाल रेनकोट धुक्यात पुसट होत चालला होता आणि त्या कड्यावर एकटीने उभं राहायची माझी हिंमत नव्हती. वाट एकच आहे, येईल की मागून, असं मनाशी म्हणत मी रेनकोटाच्या मागे धावले.

मोजणी आली. मी चौतीस म्हटलं, मग पस्तीस म्हटलं. वर्गात म्हणायचे तसंच.

वाट वळून त्याच कड्याच्या वरच्या अंगाला आली तरी तिचा पत्ता नव्हता. मी मागे बघत होते. धुक्याशिवाय काही नाही. सांगावं असं घशापर्यंत आलं, पण सांगितलं तर मी तिला टाकून आले हेही कळणार. पुन्हा मोजणी आली आणि मी पुन्हा तिच्या आवाजात ओरडले. माझ्या ओरडण्याबरोबर खालून कुठूनतरी तोच आकडा आल्यासारखं वाटलं. माझाच आवाज कड्यावर आपटून परत आला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पुढून एकतीसचा आवाज आला, ‘आहेत सगळे, चला!’

तिसऱ्या वेळी तेहतीसपर्यंत आकडे आले आणि सगळे थांबले. मी तोंड उघडलं. आवाज फुटेना.

‘चौतीस!’ एकतीस ओरडला. मग तो धावतच मागे आला. मी एकटी उभी होते, खांद्यावर दोन सॅका. त्याचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. ‘मघाशी कोण बोललं?’ मी सांगितलं. कोणी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आम्ही धावत मागे आलो. ती कारवीत शिरली तिथल्या फांद्या मोडलेल्या होत्या. छत्तीसने घाईघाईत तिचा फोन लावला, तर तो माझ्याच सॅकमध्ये वाजायला लागला. मग आम्ही पाचही जण तिच्या नावाने बोंबलत सुटलो. मी तर देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही. ती मेली, आणि मी तिला दोनदा हजर लावलं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

आरडाओरडा ऐकून पाड्यावरची एक बाई खालून वर आली. पाठीला टोपली, टोपलीत रानातली करटोली. तिने आमच्याकडे पाहिलं आणि खेकसलीच. ‘गप बसा पयले! तुमीच वरडताव, तर तिचा कसा आयकू येल? खाली बसा समदे. श्वास पन जोरात घेव नका.’

आम्ही चिखलात बसलो. पानांवरून पाणी ठिबकत होतं. किती वेळ गेला माहीत नाही. मग खालून, अगदी बारीक, नाकातला आवाज आला.

‘चौतीस.’

थोडं थांबून पुन्हा, ‘चौतीस.’

‘जिती हाय,’ बाई म्हणाली आणि टोपली उतरवून खाली शिरली. बाजूने गुरांची एक वाट होती, तिथून ती आणि एकतीस खाली पोचले. कड्याखाली दोन पुरुष खोलीवर कातळाची एक पायरी होती. तिच्यावर चौतीस कारवीचं खोड कवटाळून बसली होती. पाय मुरगळलेला, कोपर सोलवटलेलं. तिथून पुढे सरळ खोल. वर आणलं तेव्हा तिच्या मुठी उघडत नव्हत्या. बाईने एकेक बोट सोडवलं.

एकतीसने तिला विचारलं, ‘तू नंबर का ओरडत होतीस?’

‘दुसरं काही ओरडले तर तुमच्या बडबडीत कोण ऐकणार? मोजतानाच तेवढे तुम्ही गप्प असता.’ मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, त्यानेच मी जास्त घाबरले. ‘दोन्ही वेळा मी ओरडले. दोन्ही वेळा तुझ्या ओरडण्यात माझा आवाज बुडाला. मग ते म्हणाले, आहेत सगळे. आणि पावलं लांब गेली.’

मी रडत माफी मागितली. ‘असू दे,’ म्हणाली. ‘मीच सांगितलं होतं ना, मार म्हणून.’ उतरताना मात्र तिने माझा खांदा घेतला नाही. एकतीसचा आणि त्या बाईचा घेतला.

आठवड्याने ती कॉलेजात आली. पाय बांधलेला, लंगडत, पण पहिल्या लेक्चरला, माझ्याही आधी. नेहमीच्याच जागेवर बसली. तिचा नंबर आला तेव्हा ती उभी राहिली आणि मोठ्याने ‘येस सर’ म्हणाली. एवढ्या मोठ्याने, की सरांनी तीन वर्षांत पहिल्यांदा वर पाहिलं.

मग पस्तीस आला. माझा आवाज बंद झाला. कड्यावर झाला होता तसाच. कारवी, धुकं, लांब जाणारी पावलं, सगळं पुन्हा समोर आलं. सरांनी दुसऱ्यांदा नंबर म्हटला. मी तिच्याकडे पाहिलं. माझा घोगरा आवाज तिलाही छान जमायचा, माझ्या तापाच्या दिवसांत तिनेच तर हजेरी मारली होती.

ती समोर फळ्याकडे बघत राहिली. सरांनी मस्टरवर रेघ मारली आणि छत्तीस म्हटलं.