बाईसाहेबांचे डोळे

जोहे या आमच्या गावी, घरच्या मूर्तींच्या कारखान्यात दोनशे गणपती बिनडोळ्यांचे उभे होते. मी बारीक ब्रश घेऊन पहिल्या रांगेशी बसलो होतो, तेवढ्यात स्कॉटलंडहून लॉर्डसाहेबांचा फोन आला.

"मिस्टर म्हात्रे, माझी बायको काल गेली."

बाईसाहेबांचं पोर्ट्रेट माझ्या तिकडच्या स्टुडिओत अर्धवट होतं.

बावीस वर्षं मी तिकडे पोर्ट्रेटचाच धंदा केला. गिऱ्हाईक बहुतेक खानदानी. त्यांच्या घरात जिन्यापासून छपरापर्यंत पूर्वजांच्या तसबिरी असतात आणि त्या रांगेत आपलंही तोंड लागावं अशी हौस असते. त्यासाठी माणूस तासन् तास समोर बसतो, त्याला सिटिंग म्हणतात. बाईसाहेबांची नऊ सिटिंग झाली होती. नवऱ्याकडे बघताना त्या एक भुवई वर चढवत, 'आता काय नवा गाढवपणा' अशा थाटात. सगळी माया त्यातच होती. म्हातारा त्यावर जगत होता.

नवव्या सिटिंगला त्या म्हणाल्या, "चेहरा झाला, साडेतीन माळा मोती झाले. डोळे कधी?"

"शेवटी. आमच्याकडे आखणी शेवटीच करतात."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते एकदा उघडले की मातीचा देव होतो, असं आम्ही मानतो.

"पण मी आत्ता समोर बसलेय ना?"

"गावाहून आलो की काढतो. दीड महिना फक्त."

कारखाना चालवणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, हात थरथरायला लागल्यापासून सीझनला आखणीसाठी मीच जोह्याला येत असे. बाईंना बोलताना दम लागत होता, ते मला दिसत होतं. तरी मी निघालो.

फोनवर लॉर्डसाहेब पुढे म्हणाले, "चित्र आहे तसंच द्या. डोळे नकोत. ते मला पाठ आहेत."

विचार करून सांगतो, असं मी म्हणालो. यात विचार करण्यासारखं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दादाला विचारलं, तर तो उखडलाच. "डोळ्यांबिगर मूर्ती कधी कारखान्याच्या बाहेर गेली हाय काय रे? अर्धं काम देशील तर आपलं नाव काय ऱ्हाईल?"

"त्यांनाच नको आहेत, दादा."

"दुखात माणूस काय बी बोलतो. पुरं करून दे, बरं वाटंल त्याला."

मलाही तेच ऐकायचं होतं. दादाला कशाला दोष देऊ? अपुऱ्या कामाखाली सही करायची माझीच तयारी नव्हती.

परत जाऊन फोटोंवरून डोळे काढले. जीव ओतून काढले. रंग पक्का वाळल्यावर लॉर्डसाहेबांना बोलावलं.

त्यांनी चष्मा पुसून चित्र जवळून पाहिलं. मग सभ्यपणे म्हणाले, "सुंदर झालंय. फार शांत बघतेय. सगळ्यांना माफ केल्यासारखी."

"हो," मी खूश होऊन म्हणालो.

"माझ्या बायकोनं आयुष्यात कुणाला माफ केलं नाही, मिस्टर म्हात्रे."

तेव्हा मला दिसलं. हात दीड महिना गणपतीचे डोळे काढून आला होता, त्यानं बाईंनाही तेच लावले होते.

"हे पुसता येतील?" त्यांनी विचारलं.

"वाळलेत."

चित्र त्यांनी नेलं. जिन्यात लावलंही. नंतर तिथल्या हाउसकीपरकडून कळलं की साहेब आता मागच्या खड्या जिन्यानं वर जातात. गुडघे दुखत असताना. हे ऐकून मी रडलो, आणि त्या वर्षी नवीन काम घेतलं नाही.

आता रोह्याला राहतो, नदीपलीकडच्या अष्टमी गावात चार मुलांना पोर्ट्रेट शिकवतो. देवाचे डोळे कुणी आधी पाहिलेले नसतात, म्हणून ते शेवटी काढले तरी चालतं. माणसाचे पहिल्या सिटिंगलाच काढावेत, आणि घरच्यांनी नको म्हटलं तर हात खाली ठेवावा.