चिंच-मिठानं घासलेला गॅसचा पाइप

नव्वदच्या दशकात नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कँटीनचा स्वयंपाक मी आणि माझी थोरली जाऊ करायचो. गॅसच्या टाक्या मागच्या शेडमध्ये होत्या. तिथून एक लोखंडी पाइप भिंतीच्या कडेकडेनं, क्लॅम्पांत जखडलेला, आमच्या शेगड्यांपर्यंत यायचा. खंडेनवमीला कामगार आपापली यंत्रं पुसून पुजायचे. आमचं यंत्र म्हणजे हा पाइप, असं मी ठरवलं. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत असे. मी त्याचा रंग खरवडला, देवाची भांडी घासतात तसा चिंच-मिठानं चोळला, वरून तेलाचा बोळा फिरवला आणि हळदकुंकू वाहिलं. असं सलग तीन वर्षं.

"आता देव्हाऱ्यातच बसव त्याला," जाऊ म्हणायची.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर स्वयंपाकघरात कुजका वास सुटला. कांदे सडले, असं मी निदान केलं. दोन दिवस पोती उपसली. एक मऊ कांदा सापडला, त्याच्यावर सगळा आळ घालून मोकळी झाले.

पुढच्या सकाळी खरकटं टाकायला शेडकडे गेले, तर वास तिथं जास्त. कांदे आत आणि वास बाहेर? क्लॅम्पापाशी कान नेला. बारीक सुस्कारा येत होता. आत जाऊ चहाचं आधण ठेवत होती, आणि काडीपेटी तिच्याच हातात असायची. धावत जाऊन तिच्या हातावर झडप घातली. काड्या ओट्याखाली सांडल्या. त्या पडतानाही मी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"याड लागलं का गं तुला?"

"गॅस," एवढंच तोंडातून निघालं. तिनं मला ओढतच बाहेर काढलं.

कारखान्याच्या मिस्त्रीनं येऊन टाक्या बंद करून क्लॅम्प सोडला. खालच्या रबराच्या पट्टीत मीठ मुरून ओल धरली होती. तिथं पाइप गंजून पापडासारखा झालेला, मधोमध केसाएवढी चीर.

"ह्याला कुनी काय लावलंय?"

मी पदर तोंडाला लावून उभी होते.

"देव घासतो तसा घासला, मिस्त्री," जाऊ म्हणाली. "आमी दोघींनी."

तिनं त्या पाइपाला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. घरी जाताना ती माझा हात धरून चालली. दोघींचेही हात गार पडले होते.

पुढच्या खंडेनवमीला मात्र तिनं चिंचेची बरणी घरीच कुलपात ठेवली.