गोळीनं राखलं, हाडांनी सोसलं

मनगट मोडलं तेव्हा घरात मी एकटीच होते. सकाळचं धुणं पिळून बादली उचलली, मोरीच्या ओल्या उंबऱ्यावरनं पाय सटकला आणि तोल सावरायला उजवा हात फरशीवर टेकला. पडले म्हणण्याइतकी मी पडलेही नाही. बसले, असंच म्हणावं लागेल. पण भेंडीचं टोक मोडताना येतो तसा बारीक आवाज आला आणि मनगट नको त्या बाजूला वळलेलं दिसलं.

मी शेजारच्या काकूंना हाक मारली. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमची दारं इतकी जवळ आहेत की हाक मारली नाही तरी ऐकू जातं. काकू जैन. त्यांच्या घरात कांदा येत नाही. तरी आत आल्या आल्या त्यांनी माझ्याच टोपलीतला कांदा उचलला, बुक्कीनं फोडला आणि माझ्या नाकाशी धरला. मला फिट येतात हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि फिटवर कांदा हेही. मी म्हटलं, काकू, मी शुद्धीत आहे, हात मोडलाय. त्यांनी मान हलवली आणि कांदा आणखी जवळ आणला.

नवरा शिरोलीला फाउंड्रीत मशीन शॉपला आहे. निरोप मिळाल्यावर तो कामाच्या कपड्यांतच आला आणि त्यानं पहिला प्रश्न मला नाही, काकूंना विचारला. फिट किती वेळ होती?

"मला फिट आलीच न्हाय," मी म्हटलं.

"बरं, बरं. आधी दवाखान्यात चल."

त्या 'बरं, बरं'नं हातापेक्षा जास्त दुखलं. लग्नानंतर मला मोजून दोनदा फिट आली असेल, तीही सुरुवातीला. इतक्या वर्षांचा माझा चांगला हिशेब एका ओल्या उंबऱ्यानं पुसून टाकला होता. माझ्या बाजूला एकच पुरावा होता. मला सगळं आठवत होतं. बादलीतला निळा टॉवेल, पायाखालचा साबण, तो आवाज. फिटमधलं मला काहीच आठवत नाही, कधीच आठवलेलं नाही. पण माझी आठवण हा पुरावा असतो, हे मी कुणाला पटवणार?

फिट सुरू झाली तेव्हा मी सहावीत होते. माहेर शाहूवाडीकडं, डोंगराच्या पोटाशी. भाताची थोडी शेती. प्रार्थनेच्या रांगेतच पडले. घरी आणल्यावर शेजारपाजारच्या बायका जमल्या आणि पलीकडच्या वाडीतल्या देवऋष्याचं नाव निघालं. त्यानं कुणाकुणाचं बरं केलं तेही सांगून झालं. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. आई तेव्हा या घरात आलीही नव्हती. पण ती गोष्ट तिनं आपलीच करून घेतली होती. ती त्या बायकांना म्हणाली, "सासऱ्यानं घरातलं देव पाण्यात सोडलं. आता मी पोरीसाठी दुसऱ्याच्या देवाम्होरं जाऊ व्हय?"

दुसऱ्या दिवशी एसटीनं ती मला कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात घेऊन आली. तिथं गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी तिला एकच सांगितलं, एक दिवससुद्धा चुकवायची नाही. आईनं ते असं धरलं की माझं लग्न होईपर्यंत जेवण झाल्यावर ती गोळी तिनं स्वतःच्या हातानं माझ्या तळहातावर ठेवली. ताप असो, पाहुणे असोत, भांडण होऊन आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नसू, गोळी यायचीच. हळूहळू फिट थांबली. वाडीत आई हे अभिमानानं सांगायची. आमच्याकडं अंगारा नाही, गोळी आहे. आमच्या घरात ती नुसती औषधाची गोळी नव्हती. ते आमचं उत्तर होतं.

गोळीनं हिरड्या सुजायच्या. त्या दातांवर चढल्यासारख्या दिसत, म्हणून मी तोंड मिटून हसायला शिकले. चूल, विहीर, लावणीचं पाणी यांच्याजवळ मला जाऊ देत नसत, म्हणून शिवणकाम शिकले. बसून करायचं काम, आग नाही, पाणी नाही. पुढं त्याच्यावरच माझं पोट चाललं.

लग्न ठरवताना आईनं काही लपवलं नाही. बघायला आलेल्या लोकांसमोर चहाच्या ट्रेशेजारी तिनं गोळ्यांची पट्टी ठेवली. दोन ठिकाणची माणसं चहा पिऊन गेली आणि परत आली नाहीत. माझा नवरा तेव्हा नुकताच कामाला लागलेला. त्यानं पट्टी उचलून मागंपुढं बघितली आणि विचारलं, "रोज घेते न्हवं?" आई म्हणाली, मी देते. तो म्हणाला, "मग झालं की." एवढ्यावर आमचं लग्न ठरलं.

तर मनगट मोडलं त्या दिवशी आम्ही हाडांच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. तरुण होते. एक्स-रे दिव्यावर लावून त्यांनी बघितला, काढला, परत लावला. कशा पडलात, विचारलं. मी सांगितलं. नवरा मध्येच म्हणाला, तिला फिट येते. डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं आणि मला विचारलं, फिटमध्ये शुद्ध जाते का? मी म्हटलं, पूर्ण जाते. मग ते नवऱ्याकडं वळून म्हणाले, "यांना पायाखालचा साबणसुद्धा आठवतोय. मग फिट कशी असेल?"

नवऱ्यानं आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली.

मग डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं आणि किती वर्षं घेताय ते विचारलं. शाळेत असल्यापासून, मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवला. माझी पाळी अजून चालू आहे, वय पन्नाशीच्या अलीकडं आहे, नुसतं बसता बसता मनगट मोडायला नको, असं ते म्हणाले. प्लास्टर घातलं आणि हाडांची घनता बघायची तपासणी लिहून दिली. सोबत रक्तातलं ड जीवनसत्त्वही.

तपासणीत काही दुखत नाही. टेबलावर निजायचं, वरनं यंत्राचा हात सरकत जातो. रिपोर्ट आला तेव्हा माझ्या कमरेची आणि खुब्याची हाडं माझ्यापेक्षा पुष्कळ म्हातारी निघाली. ड जीवनसत्त्व तर जवळजवळ नव्हतंच. हाडं आतनं विरळ झालीत, असं डॉक्टर समजावत होते. नवरा हळूच म्हणाला, "म्हंजे ब्लो होल." ओतकामात आत हवा अडकून पोकळी राहते, वरनं जॉब, म्हणजे ओतलेला भाग, चांगला दिसतो, त्याला ते तसं म्हणतात. मला हसू आलं आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघून ते थांबलंही. असला जॉब ते बाजूला काढतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

फिटच्या डॉक्टरीणबाईंकडं मी बरीच वर्षं जाते. केस पांढरे, आवाज शांत. रिपोर्ट वाचून त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. ही गोळी यकृताला जास्त कामाला लावते. त्या भरात यकृत ड जीवनसत्त्वही लवकर संपवून टाकतं. ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचत नाही. सगळ्यांचं असं होत नाही, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं होऊ शकतं. आणि तुम्ही दिवसभर घरात मशीनवर बसता, ऊन नाही, चालणं नाही. मी विचारलं, मग आधी कुणी सांगितलं कसं नाही?

त्यांनी रिपोर्ट मिटला. "तपासायला हवं होतं. सगळ्यांनी तुमची फिट बघितली, हाडं कुणी बघितली नाहीत. मीही नाही."

एखादी डॉक्टर असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, ते भांडण तिथंच संपलं. राग मात्र संपला नाही. प्लास्टरातला हात घेऊन मी नुसती मशीनसमोर बसून राहायची. अर्धवट कापलेली ब्लाऊजपिसं पडली होती, बायका येऊन कापड परत नेत होत्या. गोळीवर रागावणं म्हणजे ज्यानं बुडताना वर काढलं त्याच्यावर, ओढताना हात का निखळवलास म्हणून रागावणं. हे कळत होतं, तरी मी रागावले होते. आणि जेवणानंतर तीच गोळी डाव्या हातानं काढून घेत होते, कारण अचानक बंद करायची नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती नुसतं हं, हं करत राहिली. दोन दिवसांनी नाचणीच्या पिठाची पिशवी आणि सुकट घेऊन दारात हजर. नाचणीनं आणि सुकटीनं हाडं घट्ट होतात, एवढं तिला ठाऊक होतं. आल्यापासनं आमच्या घरातलं सगळं काम तिनं ताब्यात घेतलं, पण माझ्याकडं बघणं टाळत होती. दुपारी मी खाटेवर आडवी झाले होते. ती प्लास्टरावर हात ठेवून बसली.

"माझ्याच हातानं दिली की," ती म्हणाली. "रोज. एक दिस चुकू दिला न्हाय."

मी तिला म्हटलं, तू ती दिली नसतीस तर मी शाळा पुरी केली नसती, कैचीला हात लावू दिला नसता कुणी. फिटमध्ये विहिरीत पडून कधीच गेले असते.

"ते मला कळतंय," ती म्हणाली. "पर हाडं तुझी गेली."

समजूत पटल्यावरही दुःख राहतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा इतकं स्पष्ट बघितलं. वाडीतल्या बायकांना आता काय सांगायचं, हाही सल तिच्या मनात असणार. पण तो तिनं बोलून दाखवला नाही आणि मी विचारला नाही.

पुढच्या वेळी ती माझ्याबरोबर बाईंकडं आली. बाई म्हणाल्या, हाडांना कमी त्रास देणारी नवी गोळी सुरू करू, जुनी हळूहळू उतरवू. मधल्या काळात एखादी फिट येऊ शकते, त्याची तयारी ठेवा. कॅल्शियम आणि ड चालू करायचं, रोज उन्हात चालायचं. आईनं सगळं ऐकून घेतलं. पदर खोचला आणि म्हणाली, "म्याडम, ह्या नव्या गोळीनं काय काय जातंय, ते आत्ताच सांगा."

मला अवघडल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नीट सांगितलं. चिडचिड वाढते काहींची, झोप येते, मन उदास होऊ शकतं, तसं वाटलं तर लगेच फोन करायचा. हाडांचं आज जेवढं माहीत आहे तेवढं सांगते, त्या म्हणाल्या, आणि यापुढं दर थोड्या काळानं तपासत राहू. आई म्हणाली, "व्हय. तपासतच ऱ्हावा." ज्या आईनं एकेकाळी डॉक्टरचा शब्द खाली पडू दिला नव्हता, ती आज त्याच शब्दाला प्रश्न विचारत होती. तिचा गोळीवरचा विश्वास गेला नव्हता. तो आता डोळस झाला होता, एवढंच.

फिट आली. प्लास्टर निघालं होतं, जुनी गोळी अर्ध्यावर आली होती, आई अजून आमच्याकडंच होती, तेव्हा एका दुपारी, ब्लाऊजला हुक लावता लावता. मला आठवतं ते त्यानंतरचं. जीभ चावलेली, अंग दगडासारखं, डोकं आईच्या मांडीवर. तिनं मला कुशीवर वळवलं होतं, तोंडात काही कोंबलं नव्हतं, कुणाला काही हुंगवू दिलं नव्हतं. नवरा आल्यावर त्यानं आधी माझे हात, मग खांदे, मग पाय दाबून बघितले. काही मोडलं नव्हतं. आम्ही तिघंही त्यावर इतके खूश झालो की फिट आली याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं. बाईंनी नव्या गोळीचा डोस वाढवला. त्यानंतर आजपर्यंत फिट नाही.

चिडचिड मात्र आली. ब्लाऊजचा गळा खोल का ठेवला म्हणून विचारणाऱ्या गिऱ्हाईक बाईला मी असं काही बोलले की ती ब्लाऊज तिथंच टाकून गेली. नवऱ्यानं मोरीत धरायला दांडा बसवला, रबरी चटई आणली, तर मला म्हातारी समजतोस का म्हणून मी त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "गोळी बोलतीया. तुझं झालं की सांग." काही महिन्यांनी चिडचिडही उतरली. किंवा त्याला सवय झाली. मोडलेल्या हाताचा अंगठा अजून सकाळी आखडतो, जाड कापडाला दोनदा कैची लावावी लागते. काकूंबरोबर मी रोज सकाळी ऊन वर आलं की चालायला जाते. त्या वाटभर बोलतात, मी पायाखाली बघते.

मधे दुसऱ्यांदा तपासणी झाली. कमरेची घनता थोडी वाढली आहे, खुब्याची आहे तेवढीच. बाई म्हणाल्या, चांगलं आहे, या वयात आणि इतक्या वर्षांनंतर टिकणंसुद्धा चांगलंच. मी त्याच दिवशी आईला फोन केला. थोडी म्हणजे किती, तिनं विचारलं. मी आकडा सांगितला, तिला तो कळला नाही, मलाही नीट कळलेला नाही. वाढली म्हणजे वाढली, मी म्हटलं.

"मग चालू दे," ती म्हणाली.

तिचा आवाज थकल्यासारखा वाटला. आमच्याकडं होती तेव्हा ती उठताबसता पाठ धरायची; आता पाठ कशी आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली वाकली की कळ येते, वयच झालं. बाईंनी मला तिच्याबद्दलही विचारलं होतं. सत्तरीच्या बाईची हाडं गोळीशिवायही झिजतात, एकदा तपासून घ्या, असं त्या म्हणाल्या होत्या. मी तिला तपासणीचं काही विचारलं नाही, विचारलं असतं तर 'मला काय झालंय' म्हणाली असती. भाताची कापणी झाली की चार दिवस राहायला ये, एवढंच सांगितलं, आणि फोन ठेवून त्या आठवड्यात तिच्या हाडांच्या तपासणीची वेळ घेऊन टाकली.