उरलंय तेवढं

चर्चच्या मंडळीतली कोणी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ ओली घालायची. ओली हे काही तिचं नाव नव्हे. पण हात कायम ओलसर, बोटांची टोकं सुरकुतलेली, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव मोठ्यांनीही उचललं. हे काम तिला सासूकडून मिळालं होतं. दुसऱ्या सुनांना दागिने मिळतात, हिला बादली मिळाली.

प्रभुभोजनाला सगळ्यांत मिळून द्राक्षारसाचा पेला एकच असे. एकजण प्याला की पाळक पांढऱ्या फडक्यानं कड पुसत आणि पेला पुढच्याला देत. ओली सगळ्यांत शेवटी. तसा नियम कोणी केला नव्हता, पण मढ्यांना हात लावणारीच्या मागून पेला तोंडाला कोण लावणार? म्हातारे पाळक तिच्यापाशी येऊन हळूच म्हणत, "उरलंय तेवढं तूच संपव गं." ती संपवायची. कुरकुर तिच्या स्वभावात नव्हती.

मग म्हातारे पाळक गेले, नवे तरुण पाळक आले आणि त्याच हिवाळ्यात ओलीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर फार काही बोलले नाहीत, त्यावरून ती समजली.

एका रविवारी नव्या पाळकांनी उपदेश केला : देव तोंड पाहून माणूस जवळ करत नाही, त्याच्याकडे सगळे सारखे. ओलीनं त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, आत्ता बोललात ते खरं ना?"

"शब्द न् शब्द खरा, मावशी."

"मग एकदा माझ्यामागून कोणीतरी पिऊ दे. एकदाच. माझे आता दिवस भरलेत."

पाळकांचे डोळे भरून आले. माणूस भला, पण अनुभव कमी. गुपचूप तिला मधे कुठं उभी करायची, तर पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आज शेवटचा बाक पहिला. या, मावशी."

ओली अख्खी वाट चालून पुढं गेली. पेला काठोकाठ भरलेला. तिनं सवयीनं एकच घोट घेतला आणि परत आपल्या बाकावर जाऊन बसली. पाळकांनी कड पुसली आणि वाट पाहिली.

"माझं बाई आज पोट ठीक नाही," पहिल्या बाकावरची घड्याळवाल्याची बायको नवऱ्याला म्हणाली. बोलली कुजबुजत, ऐकू गेलं सगळ्यांना. बघता बघता अख्ख्या मंडळीचं पोट बिघडलं. ओलीशेजारी बसणारी, तिच्या घरी रोज चहा पिणारी भांडीवालीसुद्धा जागची हलली नाही.

ओतलेला द्राक्षारस परत बाटलीत घालायचा नसतो. तिथंच संपवावा लागतो. पाळक पेल्याकडे बघत राहिले. कान लाल झाले. मग ते पेला घेऊन शेवटच्या बाकापर्यंत आले.

"मावशी... उरलंय तेवढं तुम्हीच संपवा."

ओलीनं उपाशीपोटी तो पेला रिकामा केला. बाहेर येऊन भिंतीला धरून ओकली.

त्याच आठवड्यात घड्याळवाल्याची सासू वारली. बायको स्वतः ओलीच्या दारात आली.

"मावशी, चल गं. तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला?"

"पोट बरं आहे ना आता?" ओलीनं विचारलं आणि बादली उचलली.

म्हातारीच्या खोलीत दोघीच होत्या.

"पाणी कोमट घे हं, मावशी. आईला थंड सोसायचं नाही."

ओलीनं कोपर बुडवून पाणी पाहिलं. लेकीनं आईचं डोकं धरलं, ओलीनं केस धुतले, कानामागं, मानेखाली, हळूहळू, म्हातारी दुखलं म्हणेल अशा बेतानं. पाणी दोघींच्या हातांवरून एकत्रच वाहत होतं. लेक रडत होती.

"रागावलीस का गं माझ्यावर?"

"डोकं नीट धर."

सगळं आटोपल्यावर लेक मोरीत जाऊन साबणानं हात धुऊ लागली. एकदा धुतले, पुन्हा फेस केला.

"तुझ्या वेळेला आम्ही आहोत हो, मावशी," ती तिकडूनच म्हणाली. "काही कमी पडू देणार नाही."

ओलीनं बादली पालथी घातली.

"पाणी कोमट घ्या," ती म्हणाली. "मलाही थंड सोसत नाही."

मोरीतला नळ मोठा सोडलेला होता. लेक तिसऱ्यांदा फेस करत होती.